घरचा कागद शेवटी

पोलीस ठाण्याच्या भिंतीवर एक फळा होता. वर रंगानं लिहिलेलं, मंजूर माणसं एकोणीस. खाली खडूनं, हजर पाच. त्या पाचांतले चार सकाळीच मोर्चाच्या बंदोबस्ताला गेले होते. उरलेला एकटा हवालदार, चष्मा कपाळावर चढवून, एका हातानं फोन, दुसऱ्या हातानं रजिस्टर आणि मानेनं वायरलेस सांभाळत बसला होता. टेबलाला माणसं चिकटली होती, गुळाला मुंग्या चिकटाव्यात तशी.

दुपारी दोनला आत्या आणि भाची आत आल्या.

भाचीला बस चालवायची नोकरी लागत होती. परीक्षा झाली, मैदानात गाडी फिरवून झाली, निवडीच्या यादीत नाव लागलं. आज साडेपाचच्या आत डेपोत कागद दाखवायचे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि काल बाजारातल्या गर्दीत तिचं लायसन्सचं पाकीटच पडलं. डेपोतला कारकून म्हणाला, "हरवल्याचा पोलिसांचा दाखला आणा, नवं येईपर्यंत चालेल. दाखला नाही, तर मी काही करू शकत नाही."

आत्या चाळीस वर्षं एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलेली. आलेला कागद आवक, गेलेला कागद जावक, प्रत्येकाला नंबर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा ती तारीख घालत असे. काम करताना गुणगुणायची सवयही सुटली नव्हती:

कागद माझा गुणाचा, नंबर त्याच्या कपाळी
साहेबाच्या दारी जाई, परत येई सांजवेळी

ठाण्यात मात्र गुणगुणण्यासारखं काही नव्हतं.

"अहो, माझ्या टॅक्सीचा आरसा चोरीला गेलाय," एक टॅक्सीवाला ओरडत होता. "आम्ही काय इथं शोभेला उभे आहोत?"

"एक मिनिट हो, दादा..." हवालदार म्हणाला आणि फोन वाजला.

"तुमचं एक मिनिट सकाळपासून चाललंय!"

फोन ठेवला की हवालदार विचारी, "हं, कोणाचं चाललं होतं?" चार जण एकदम म्हणत, "माझं!" मग पुन्हा पहिल्यापासून. लिहिलेली अर्धी ओळ तशीच वाळून जाई.

आत्यानं हे पाऊण तास पाहिलं. मग भाचीच्या कानाशी लागली. "माणूस वाईट नाही गं. एकटा आहे. आपण ओरडलो, तर त्याच्यासाठी तो आणखी एक फोन."

ती उठून टेबलाजवळ गेली. "हवालदारसाहेब, तुमच्या रजिस्टरला मी बोट लावणार नाही. पण ही माणसं तेवढी लावून देऊ का?"

हवालदारानं चष्मा नाकावर आणून तिच्याकडे पाहिलं. "लावा, मावशी. तिकडं एक मोर्चा, इकडं एक मोर्चा. लावा."

आत्यानं पिशवीतून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला. तो तिच्या पिशवीत कायमच असे, इतर बायकांच्या पिशवीत रुमाल असतो तसा. आधी तिनं प्रत्येकाला विचारलं, काय हवंय? नळाला पाणी नाही म्हणून आलेल्या दोघांना तिनं पालिकेची वाट दाखवली. शेजाऱ्याचा कोंबडा पहाटे ओरडतो, असं म्हणणाऱ्याला म्हणाली, "मग तुम्हीही उठा की!" तो हसला आणि खरंच निघून गेला.

राहिलेल्यांना तिनं बाकावर बसवलं. "वर एका ओळीत लिहायचं, काय हवंय. रडगाणं खाली. दोन प्रती करा. एक त्यांची, दुसरीवर शिक्का आणि नंबर घेऊन घरी न्यायची. ती पोच. पोच हातात नसेल, तर उद्या कोणाला काय विचाराल?"

एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं सात पानं लिहून आणली होती. आत्यानं चाळली. "बाई, नक्की काय हवंय?"

"जावेनं नेलेलं माझं मशीन परत हवंय."

"मग तेवढंच लिही. जावेचा स्वभाव काढून टाक. त्याला कलम नाही."

बाकावर हशा पिकला. हवालदारही खाली मान घालून हसला. टॅक्सीवाला मात्र तासभर हटून बसला, "मी तोंडानं सांगणार!" शेवटी त्यानंही कागद मागून घेतला.

ढीग लागला. फोन आला तरी आता हवालदाराला कोणाचं चाललं होतं ते विचारावं लागत नव्हतं. वरचा कागद समोरच असे. काम चालू लागलं, थोडं लंगडत, पण पुढं.

सव्वाचार वाजले. भाचीनं ढीग मोजला. पाच कागद उरले होते, प्रत्येकाला पंधरा मिनिटं धरली तरी साडेपाच वाजणार. आणि तिचा होता तळाला.

"आत्या! आपण पाचव्या आलो होतो ना? हा खाली कसा?"

आत्या म्हणाली, "घरचा कागद शेवटी. ढीग लावणाऱ्यानं आपला कागद वर ठेवायचा नसतो. चाळीस वर्षं..."

"ही तुझी कचेरी नाही गं! माझी नोकरी जाईल!"

आत्या हातांकडे बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कोणाचे होते. "खरंच गं पोरी. हातानं आपसूक केलं. पण आता मी तो वर काढला, तर ही माणसं काय म्हणतील?"

भाची उभी राहिली. "ऐका हो सगळे. मला साडेपाचच्या आत डेपोत पोचायचंय, नाहीतर बसवरची नोकरी जाईल. मी पाचवी आले होते. आत्यानं मला शेवटी टाकलं."

मग टॅक्सीवाला उठला. "मावशी, तुम्ही हात लावू नका. तुमचा नियम तुमच्यापाशी." त्यानं तळाचा कागद काढून आपल्या कागदाच्या वर ठेवला. "माझ्या वर चालेल. आरसा काही आज परत येत नाही."

"माझ्याही वर ठेवा," शिवणकामवाली म्हणाली.

सायकल हरवलेल्या मास्तरांनी चष्म्याच्या वरून पाहत मान डोलावली. राहिले एक घरमालक, भाडेकरूची नोंद करायला आलेले. ते म्हणाले, "माझा कागद तर नियमानं वर लागलाय."

"काका," टॅक्सीवाला म्हणाला, "तुमचा भाडेकरू काय भिंत उचलून पळतोय?"

घरमालकांनाही हसू आवरलं नाही. "ठेवा, ठेवा."

कागद एकेक पायरी चढून माथ्यावर बसला. हवालदारानं सगळं ऐकलं होतं. त्यानं लगेच लेखणी उचलली. मध्ये फोन वाजला तेव्हा सगळ्यांनी फोनकडे असं पाहिलं, की तो दोनदा वाजूनच गप्प झाला.

पावणेपाचला शिक्का बसला. "जावक नंबर घातला का?" आत्यानं विचारलं.

"मावशी, तुमच्यासमोर विसरीन होय?"

भाची पळत सुटली. डेपो चार गल्ल्यांपलीकडे. कारकुनानं नंबर पाहिला, तारीख पाहिली, शिक्का उन्हाकडे धरून पाहिला. "असा नीट दाखला बऱ्याच दिवसांनी पाहिला," म्हणत त्यानं उद्याच्या पहिल्या गाडीचा नंबर लिहून दिला.

साडेसहाला ती ही बातमी घेऊन परतली, तर आत्या अजून बाकावरच. ढीग संपला होता, पण माणसं गेली नव्हती. टेबलावर एकच कागद होता, दोन प्रतींत. खाली सगळ्यांच्या सह्या, घरमालकांची सगळ्यांत मोठी.

हवालदार वाचत होता. वर एकच ओळ, 'या ठाण्याला चौदा माणसं कमी आहेत, ती द्यावीत.' खाली रडगाणं नव्हतंच.

"आम्हाला हे लिहिता येत नाही, मावशी," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही कुठं लिहिलंय? तुम्ही फक्त घ्यायचंय. आवक नंबर घाला, पोच द्या, वर पाठवा. मी दर सोमवारी विचारायला येईन."

"आणि उद्या? उद्या याल ना हो?" हवालदारानं जरा आशेनंच विचारलं.

"उद्या नाही बाई जमायचं," आत्या म्हणाली. "उद्या मला पहिली गाडी पकडायचीय. ड्रायव्हर ओळखीची आहे."

हवालदारानं शिक्क्यावर फुंकर घातली आणि जोरात मारला.