डबल बेल

आमच्या ह्यांनी जन्मभर बस चालवली आणि आता खोलीतून स्वयंपाकघरात जायला त्यांना यंत्र लागतं, यावर हसावं की रडावं मला कळेना. यंत्र म्हणजे चाकांचा वॉकर. लेकाने पाठवलेला. स्मृतिभ्रंशात ह्यांचे पाय चालताना मध्येच थबकतात, म्हणून हा वॉकर जमिनीवर लाल उजेडाची रेघ पाडतो. रेघ ओलांडायची, की पडलं पाऊल. शिवाय आतून एक बाई लाडेलाडे म्हणते, "पाऊल पुढे टाका."

ह्यांनी रेघ पाहिली आणि ब्रेक दाबला.

"अहो, ओलांडा ना," मी म्हटलं.

"लाल आहे," हे म्हणाले.

झालं. उभ्या आयुष्यात सिग्नल न तोडलेला माणूस, तो आता काय तोडणार? व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रेघ बंद केली, तरी हे ब्रेकची मूठ धरून उभेच. जाताना बाई दारात हळूच म्हणाल्या, "काकू, चालणं थांबलं तर अंथरूण धरतील. मग तुम्हाला एकटीला नाही झेपायचं." लेकाचं तर एकच पालुपद, मग बाबांना वृद्धाश्रमात ठेवू. ठेवू म्हणे. बाप आहे का जुनं कपाट?

मी यंत्रातल्या त्या लाडिक बाईचंही तोंड बंद केलं आणि ह्यांच्याकडे बघत बसले. हे सारखे मान वळवून मागे बघत होते. कशाची तरी वाट बघत होते. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कंडक्टरने दोन घंट्या दिल्याशिवाय ह्यांनी कधी गाडी हलवली होती?

माळ्यावर लेकाची लहानपणची सायकल होती. तिची घंटा मी सुरीने स्क्रू पिळून काढली. ह्यांच्या मागे उभी राहून दोनदा वाजवली. ह्यांनी ब्रेक सोडला आणि निघाले. दारापाशी वळताना उजवीकडे बघूनसुद्धा घेतलं. स्वयंपाकघरात मी एकच घंटा दिली, तसे थांबले.

"बरोबर वेळेत, मास्तर," हे म्हणाले. कंडक्टरला ते मास्तरच म्हणत.

तेव्हापासून मी मास्तर. आधी कुणाची सून, मग कुणाची आई, आता कंडक्टर. बढतीच म्हणायची. पहिले काही दिवस मी हसले.

काल संध्याकाळी ताटं वाढून मी ह्यांना आणायला गेले. वाटेत म्हणाले, "मास्तर, आज लवकर पोचू या. बायको जेवायची थांबलेली असते."

"तिला सांगायचं ना, जेवून घे म्हणून."

"ऐकते कुठे? तापट आहे. पण मी गेल्याशिवाय घास घेत नाही. माझंही घराकडेच लक्ष असतं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला कधी बोलले नव्हते. बोलले ते कंडक्टरपाशी. घरात दोन माणसं असून मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

स्वयंपाकघरात मी एक घंटा दिली. ह्यांनी ब्रेक लावला. वाढलेली दोन ताटं बघितली, मग मला बघितलं.

"आलं तुमचं घर," मी म्हटलं. "मीच ती."

हे संकोचून हसले. "चेष्टा नको, मास्तर. ती वाट बघत असेल. बेल द्या."

त्यांचं चालणं थांबून चालणार नव्हतं. मी दोन घंट्या दिल्या.