चिल्लरचं वजन

धाकट्या बहिणीच्या पत्राला दादांनी उत्तर दिलंच नव्हतं. तिने लिहिलं होतं, "दादा, शिकवणीचे थोडे थोडे जमलेले माझे बिटकॉइन जावयांनी विकून पैसे बँकेत घ्यायला पाठवले, तर पाठवायची केवढी फी! त्याच दिवशी त्यांची दसपट रक्कम मात्र स्वस्तात गेली. माझ्या पैशांवर डल्ला मारला का रे? मी बोलणंच टाकलंय."

दादांनी बिटकॉइनवरची पुस्तकं पालथी घातली होती, पण आपलं चुकलं तर, या धास्तीने पेन उचलवत नव्हतं.

आज ते पुस्तकांचं पार्सल घेऊन पोस्टात गेले. "आतल्या मालाची किंमत सांगू?" त्यांनी चाचरत विचारलं.

"आजोबा, आत सोनं असो नाहीतर रद्दी, मी वजन बघणार!" काउंटरवरची बाई हसली.

दादांनी वजनकाट्याकडे पाहिलं. अरेच्चा, हेच की! पुस्तकात हेच तर होतं, फी रकमेवर नसतेच, व्यवहाराच्या नोंदीच्या आकारावर असते. जावयांची रक्कम एकाच तुकड्यात आलेली. बहिणीचे शिकवणीचे चिल्लर तुकडे शंभरेक तरी असणार, आणि पाठवताना त्या एकाच नोंदीत प्रत्येक तुकडा वेगळा लिहावा लागतो. नोंद लांबली, फी वाढली!

"बाई, एक कागद आणि पाकीट द्या, लवकर!" दादा जवळजवळ ओरडलेच. उभ्या उभ्या त्यांनी सगळं लिहून काढलं. शेवटी लिहिलं, "जावयांनी काही घेतलेलं नाही. हे वाचल्या वाचल्या त्यांना फोन कर." आणि मन पुन्हा कचरायच्या आत पाकीट पेटीत टाकलं.