पुलापलीकडचा रस्ता

प्रेरणाने शिलाई मशीनवरची ब्लाउजची कापडं हलकेच बाजूला सारली आणि पिशवीतून लॅपटॉप काढून तिथे ठेवला. करिष्मा दारातच उभी होती, मापाची टेप अजून गळ्यात.

"काय घेता? चहा का सरबत?" तिने विचारलं.

ते 'घेता' प्रेरणाला टोचलं. मलकापूरच्या एकाच गल्लीत दोघी वाढल्या, एका ताटात जेवल्या. लग्नानंतर करिष्मा जळगाव जामोदला आली आणि हळूहळू बोलणं दिवाळीच्या मेसेजपुरतं उरलं. गेल्या आठवड्यात प्रेरणाने तिला एक फोटो पाठवला, तर उत्तरादाखल नुसता अंगठा आला. म्हणून आज ती स्वतःच एसटीत बसली.

फोटो होता त्यांच्या गाड्यांच्या गेमचा. वर ठळक अक्षरांत: नव्वद टक्के सूट. शाळेत असताना कॉम्प्युटर क्लासमधल्या एका मशीनवर त्याचा फुकटचा डेमो होता. त्यात रस्ता एकच. लाल गाडी नदीवरच्या पुलापाशी पोचली की पडदा काळा व्हायचा आणि पूर्ण गेम विकत घ्या, अशी पाटी यायची. तेवढे पैसे घरी मागायची दोघींची छाती नव्हती. मग परतीच्या वाटेवर पुलापलीकडे काय असेल यावरून वाद रंगायचा. करिष्मा म्हणायची समुद्र, प्रेरणा म्हणायची जंगल.

आता तो एवढा स्वस्त कसा झाला, हे तिने ऋत्विकला, नवऱ्याला विचारलं होतं. त्याचं कापडाचं दुकान. कापडाला निदान गोदाम तरी लागतं, तो म्हणाला. हा माल ना संपतो, ना जागा अडवतो. ज्यांना धीर नाही त्यांच्याकडून आधी पुरे पैसे घ्यायचे, मग थोडं उतरायचं, आणि शेवटी जे थांबून राहिले त्यांच्यापर्यंत भाव खाली आणायचा. काहीच न मिळण्यापेक्षा तेवढं बरं. थांबून राहिलेले म्हणजे आम्हीच की, असं प्रेरणाच्या मनात आलं.

करिष्माने चहा आणला आणि स्टुलावर अवघडून बसली. असलं काही आता आठवत नाही, म्हणाली. प्रेरणाने विकत घेतलेला पूर्ण गेम सुरू केला, तेच संगीत वाजलं. पवनचक्की गेली, पेट्रोलपंप गेला. करिष्माने कप खाली ठेवला. वळण जवळ आलं तशी ती पुढे झुकली.

"ब्रेक दाब न बे! इथंच धडके तू दरवेळेस."

प्रेरणाने ब्रेक दाबला. गाडी वळली, पुलावर चढली. पडदा काळा झाला नाही. पलीकडे ना समुद्र होता, ना जंगल. पिवळ्या गवताचं माळरान, त्यातून सरळ गेलेला रस्ता आणि लांबवर निळसर डोंगर.

"सातपुड्यावानी दिसते," करिष्मा हळूच म्हणाली.

शर्यत संपली. पुढचा रस्ता उघडला. त्याच्यामागे आणखी बरेच होते. प्रेरणाचं बोट बटणाकडे गेलं, तर करिष्माने तिचं मनगट धरलं.

"राहू दे. सगळे आजच पाह्यले, तं मंग तू काऊन येशील?"

प्रेरणाने हात मागे घेतला. चहा गार झाला होता. करिष्मा दोन्ही कप उचलून आत गेली, आणि जरा वेळाने गॅस पेटल्याचा आवाज आला.