वांग्याच्या फुलातलं वेटोळं

नुम्बांग म्हाताऱ्याने आयुष्यात एकदाही वेटोळं ठशाने उमटवलं नव्हतं, आणि हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. वांग्याच्या फुलाच्या पाकळ्या गोंदण्याआधी खांद्यावर लाकडी ठशाने छापून घ्यायला त्याची ना नव्हती. पण फुलाच्या मधलं वेटोळं म्हणजे बेडूकमाशाच्या पातळ पोटातून दिसणारं आतडं, जिवाची दोरी. जिवाची दोरी काय छापून मिळते, असं म्हणत तो काठीला बांधलेल्या सुया काजळीत बुडवायचा आणि दुसऱ्या काठीने ठोकत, नुसत्या नजरेच्या जोरावर गोंदायचा. नदीकाठच्या कितीतरी लांबघरांतले, सगळं गाव एका छपराखाली नांदतं त्या घरांतले, बाप्ये त्याची वेटोळी खांद्यांवर मिरवत हिंडत होते. म्हाताऱ्याला तोरा होता, आणि तो त्याला शोभायचाही.

आज खांदे नातीचे होते. सुलाऊ उद्या सकाळच्या बोटीने निघणार होती, मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या कामाला. घर सोडून दूर जाणाऱ्याने दोन्ही खांद्यांवर फूल घेऊन निघायचं ही रीत. एका खांद्यावर घेऊन कुणी जात नाही; ओझं एकीकडे कललं की माणूसही कलतो.

पोरीला कशाला फूल, अशी कुजबुज ओसरीवर सुरू झाली होती. म्हाताऱ्याने ती तिथल्या तिथे खुडली.

"घर सोडतो त्याचं फूल. खांदा बाईचा की बाप्याचा, ते समुद्र विचारत नाही. तुम्ही कोण विचारणार?"

मग तीच माणसं तांदळाची दारू घेऊन गोल करून बसली. सुलाऊ चटईवर उताणी पडली. तिची आई लेंबा, म्हणजे म्हाताऱ्याची लेक, नेहमीसारखी समोर बसून कातडं ताणून धरू लागली. शेजारचा जांतान सरसावून पुढे आला.

"सुलाऊ, रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. जहाजावर कुणी डोळे पुसायला येणार नाही."

"काका, तुमच्या वेळी तुम्ही एवढे ओरडलात की डुकरं रानात पळाली म्हणे."

"दोन तर परत आलीच नाहीत," लेंबा म्हणाली, आणि ओसरी खदखदली.

उजवा खांदा झाला तो बघत राहावा असा. मग सगळ्यांनी भात आणि नेच्याच्या गुंडाळलेल्या कोंबांची भाजी खाल्ली, आणि म्हातारा डाव्या खांद्याकडे वळला. पाकळ्या निभावल्या. मध्यावर आल्यावर मात्र त्याचा हात थरथरायला लागला. त्याने उजेडाला नावं ठेवली, काजळीला ठेवली, सुलाऊ जोरात श्वास घेते म्हणून तिला दटावलं. सुया कातड्यावर टेकेचनात. 

जांतानने भिंतीवरून वेटोळ्याचा एक ठसा काढून आणला. दुसऱ्या गोंदणाऱ्यांचा होता, धूळ खात पडलेला.

"आजच्या दिवस घ्या. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"आकी, मी थांबते," सुलाऊ म्हणाली. "मिळेल दुसरं जहाज."

"तू गप पड," आजोबा म्हणाला खरा, पण त्याला पुढचं दिसत होतं. बोट चुकली की जहाज गेलं, जहाज गेलं की पोरीची नोकरी गेली, आणि ती आपल्या हातामुळे. अर्धं फूल घेऊन तिला पाठवणं तर त्याहून वाईट.

तेव्हा लेंबाने आपलं लुगडं गुडघ्यापर्यंत वर ओढलं. पोटरीवर वेटोळं होतं.

"हे कुणी केलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मी."

"कधी?"

"तुम्ही दुपारी घोरता तेव्हा."

बाजारात कोंबडी पारखावी तसा त्याने लेकीचा पाय मांडीवर घेतला. वेटोळ्यावरून नख फिरवलं. रेघ कुठे जाड नाही, कुठे तुटलेली नाही. आजवर दुसऱ्याच्या कामात खोट न काढता तो उठला नव्हता. आज बराच वेळ शोधूनही काही सापडेना.

"सुरुवात बाहेरून केलीस?"

"आतून. तुम्ही करता तशी."

"मी तर तुला शिकवलं नाही."

"तुम्ही ठोकत होता, मी कातडं ताणत होते. माझी नजर दुसरीकडे कुठे जाणार, आपाइ?"

म्हाताऱ्याला आधी राग आला, लपवलं म्हणून. मग लक्षात आलं, आपण तरी कधी विचारलं होतं. आणि मग त्याचा ऊर असा भरून आला, जसा स्वतःच्या कुठल्याच कामाने कधी आला नव्हता. त्याने दोन्ही काठ्या लेकीच्या हातात दिल्या, उठला, आणि तिच्या जागी बसून नातीचं कातडं ताणून धरलं. जोर लावल्यावर त्याचे हात थरथरायचे थांबले.

लेंबा ठोकत गेली. सुलाऊने हूं की चूं केलं नाही. वेटोळं पुरं झाल्यावर जांतानने वाकून दोन्ही खांदे पाहिले.

"फरक कळत नाही बुवा."

"तुझे डोळे गेलेत," म्हातारा म्हणाला. "माझी रेघ शेवटी दमलीय. तिची नाही."

परक्या लांबघरात पाहुणा आला की लोक आधी खांद्याकडे बघतात आणि विचारतात, कुणाच्या हातचं? म्हाताऱ्याने नातीला उठवून बसवलं.

"विचारलं तर काय सांगशील?"

"उजवा नुम्बांग आकीचा, डावा इंदाइचा," सुलाऊ आईकडे बघत म्हणाली.

"उलटं. आधी डावा पुढे करायचा. लेंबाच्या हातचं म्हणायचं. नुम्बांगची लेक वगैरे नको, नुसतं लेंबा. आणि त्यांनी उजव्याचं विचारलंच, तर माझा दाखव."