मला म्हणे खिळेच सापडले

मी एक मेटल डिटेक्टर, आणि तोही जुना. माझ्या दांड्याला दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी आहे, खालचं ताट दगडांवर घासून पांढरं पडलंय आणि पाठीवर घ्यायची बॅटरी विटेएवढी जड आहे. गेल्या महिन्यात मला विकायला काढलं होतं. घ्यावा की न घ्यावा, यावर गावात बरंच बोलणं झालं. मला मात्र कुणी काही विचारलं नाही, म्हणून आता बोलतोय.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो क्लॅरी ट्रेगेन्झाच्या हातात, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या जुन्या सोन्याच्या मुलखात. इथल्या लोकांच्या पणज्यांनी सोन्यासाठी सगळी जमीन उकरून ठेवलीय. पतवंडं तीच जमीन आमच्यासारख्यांना घेऊन पुन्हा चाळतात. क्लॅरी गवंडी. शनिवार-रविवार आम्ही रानात. निलगिरीची झाडं, लाल माती, डोळ्यांत शिरणाऱ्या माश्या. मी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरायचो आणि खाली धातू असला की त्याच्या कानात गायचो. खिळा, बंदुकीचा छर्रा, माशाच्या डब्याचं झाकण, सगळ्यांसाठी गायचो. निवडानिवड माझ्या स्वभावात नाही. आणि कधीकधी वीतभर खणल्यावर सोनं निघायचं.

परतताना क्लॅरी बारपाशी थांबायचा. मी गाडीच्या मागच्या उघड्या भागात पडून ऐकायचो.

"काय रे क्लॅरी, लागलं का काही?"

"खिळे."

हा इथला रिवाज आहे. सापडलं असं म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्या जागी दहा जण हजर. म्हणून सगळेच खोटं बोलतात, आणि सगळे खोटं बोलतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण क्लॅरीचा चेहरा मुळातच असा पडलेला, की त्याचं लोकांना खरं वाटायचं. शेजारच्या नोला पास्कोला तर त्याची इतकी कीव यायची, की दर रविवारी ती कुंपणावरून मटणाचा खिमा भरलेली गरम पेस्ट्री द्यायची. हा पठ्ठ्या खिशात सोनं ठेवून ती खायचा. मला लाज वाटायची, पण मला विचारतो कोण?

अशी बावीस वर्षं गेली. क्लॅरीचे गुडघे गेले. जिलाँग शहरात राहणारी मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे आता, माझ्याकडे या." घर रिकामं करायला काढलं आणि माझ्या विक्रीची चिठ्ठी गावच्या दुकानातल्या फळ्यावर लागली. किंमत बेताचीच लिहिली होती.

बारमध्ये हसण्याची लाट उसळली. "बावीस वर्षांत खिळ्यांशिवाय काही काढलं नाही, ते डबडं घेऊन काय कुंपण ठोकायचंय?"

तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. मग नोला आली. तिचा नवरा डेस जाऊन वर्ष झालं होतं.

"डॉक्टर म्हणतो, चालत जा. नुसतं चालायला मला वेड लागलंय का? हातात काहीतरी हवं." तिने मला उचलून पाहिलं. "खरं सांग क्लॅरी, घेऊ का हे? गाव तर म्हणतं, आंधळं आहे."

मला बोललेलं क्लॅरीला लागलं. तो तडक आत गेला, बदामाएवढा सोन्याचा गोळा घेऊन आला आणि भाजीच्या वाफ्यात पुरून म्हणाला, "फिरव."

मी गायलो. आपलं कौतुक होणार म्हटल्यावर कोण गाणार नाही? नोलाने खणलं, माती पुसली आणि बघतच राहिली.

"हे कुठलं?"

"यानंच काढलंय! आंधळ्या घोड्याच्या घळीतलं. असे तर किती..." बोलता बोलता तो थांबला.

"कुठल्या घळीतलं?"

क्लॅरी पायाने वाफ्यातली माती सारखी करू लागला.

"'त्या घळीत काही नाही, मी तीनदा पालथी घातलीय,' असं तू डेसला सांगितलंस. याच कुंपणाला टेकून. मी कपडे वाळत घालत होते."

"सगळेच तसं सांगतात, नोला."

"बारमध्ये सांगतात रे! त्याची नोकरी गेली होती. त्यानं शेजारी म्हणून विचारलं होतं."

डेस राबायचा ती लाकडाची गिरणी बंद पडली, तेव्हाची गोष्ट. क्लॅरीच्या शब्दावर त्याने आपला डिटेक्टर विकला आणि तो पार पश्चिमेला, लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवायला गेला. सहा वर्षं महिन्यातून एक आठवडा घरी. कायमचा परतला आणि पाच महिन्यांत त्याचं हृदय बंद पडलं.

"मला वाटलं, तो चार दिवस फिरेल आणि दुसरं काही बघेल," क्लॅरी म्हणाला. "चुकलं माझं. तू हे असंच घेऊन जा. पैसे नकोत."

"फुकट कशाला? लिहिलीयस ती किंमत घे. आणि नेमकी जागा सांग."

त्याने सांगितली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी नोलाने दुकानातली माझी चिठ्ठी काढली आणि तिच्या पाठीवर ठळक लिहिलं: "आंधळ्या घोड्याच्या घळीत सोनं आहे. वरच्या अंगाला, पांढऱ्या गारगोटीच्या पट्ट्याखाली."

"अगं, शुद्धीवर आहेस ना?" दुकानदारीण म्हणाली. "असं कुणी लिहितं का?"

"नाही लिहीत. म्हणूनच लिहिलं."

आता घळीत रोज चौदा-पंधरा जण असतात. आमच्या जातीचे दोघे जवळ आले की एकमेकांच्या कानात किरकिरतात, म्हणून लांब लांब चालावं लागतं. नोलाला आतापर्यंत गव्हाएवढे दोन कण मिळाले. कुणी विचारलं तर ती तळहातावर काढून दाखवते. मला या माणसांचा राग नाही, पण डेस मात्र मला राहून राहून आठवतो.

तुम्हीही जुना डिटेक्टर घेणार असाल तर वायर बघा, बॅटरी बघा. त्याला काय सापडलं ते गावाला विचारू नका. मालकाने सांगितलं तेवढंच गावाला ठाऊक असतं. हातात घ्या आणि जमिनीवर धरा. तेवढी संधी आम्हाला द्या.

काल क्लॅरी जिलाँगला निघाला. मुलीची गाडी घळीवरच्या रस्त्यावर थांबली आणि भोंगा वाजला. सगळ्यांनी माना वर केल्या. एकदोघांनी हात हलवले. नोलाने हलवला नाही. ती माझ्यावर वाकूनच उभी राहिली. पण तिने एका कानावरचा हेडफोन बाजूला सरकवला, आणि गाडीचा आवाज पूर्ण विरेपर्यंत मला जागचं हलवलं नाही.