सातव्या नंबरचा सिनेमा

माझ्या नवऱ्याचं नाव एकटं असं मी फार कमी ऐकलं. आमच्या शिबेनिक गावात लोक ‘लोव्रे-तोन्का’ असंच म्हणत, एका दमात. लोव्रे-तोन्काचा नवा सिनेमा, लोव्रे-तोन्काला बक्षीस. पाववाली बाईसुद्धा मला विचारायची, “काय नेवेन्का, लोव्रे-तोन्काचं सध्या काय चाललंय?” मी म्हणायची, “लोव्रेला सर्दी झालीय. तोन्काचं तिच्या नवऱ्याला विचार.” तोन्काला नवरा नव्हता, हे पाववालीला चांगलं ठाऊक होतं.

दिग्दर्शन आणि कॅमेरा लोव्रेचा, लिखाण आणि संकलन तोन्काचं. एकतीस वर्षांत दोघांनी मिळून सात सिनेमे केले. त्यातले सहा मी पहिल्याच खेळाला पाहिले, नवं झंपर शिवून, पुढच्या रांगेत बसून. चौथा पाहिला नाही. ‘मीठवाल्यांचा हिवाळा’ त्याचं नाव. एकोणसत्तरच्या हिवाळ्यात पाग बेटावर तो केला आणि त्यापायी लोव्रे तीन महिने घरी नव्हता. बाकीची मंडळी शनिवारी-रविवारी घरी येऊन जात. ही दोघं तिथंच राहिली. मला एवढं पुरेसं होतं.

नेमका तोच सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला. त्यातल्या ‘पाण्याच्या प्रसंगा’बद्दल तर कुठंही गेलं की कोणीतरी सुरू व्हायचं. मी उठून स्वयंपाकघरात जायची. लोव्रेनं दोन-तीनदा विचारलं, “एकदा बघ तरी.” मी म्हणाले, “मला सगळं दिसतंय न बघता.” मग त्यानं विचारणं सोडलं. पस्तीस वर्षं त्या पाण्यात मी मनातल्या मनात तोन्काला पोहताना पाहिलं. जानेवारीत पागला कुत्रंसुद्धा पाण्यात उतरत नाही, हे कळत होतं, तरीही पाहिलं.

लोव्रे गेला तेव्हा दफनभूमीत माझ्या डोळ्यांदेखत एका पत्रकारानं आधी तोन्काचा हात हातात घेतला आणि मग माझा. ती तिच्या त्या पुरुषी कोटात उभी होती. रडत नव्हती, आणि तेही मला आवडलं नाही.

पुढच्या वर्षी फिल्म क्लबचा क्रेशो घरी आला. पस्तिशीचा असेल, दाढीवाला, बोलताना सारखा चष्मा पुसणारा. म्हणाला, “मावशी, लोव्रेकाकांच्या स्मरणार्थ आठवडाभर सातही सिनेमे दाखवायचे ठरलेत. त्याआधी पाच जणांनी क्रम लावायचा. पहिला येईल तो शेवटच्या दिवशी, मोठ्या थिएटरात. पाचातल्या एक तुम्ही.”

“मला सिनेमातलं काय कळतं?”

“तुम्ही सगळे बनताना पाहिलेत.”

“बाकीचे कोण?”

“मी, बारिशिच मास्तर, छायाचित्रण शिकवणाऱ्या एक बाई.” त्यानं चष्मा पुसायला घेतला. “आणि तोन्कामावशी.”

ती असणार म्हटल्यावर मी नाही म्हणूच शकत नव्हते. मी घरी बसले असते तर लोव्रेच्या सगळ्या आयुष्याचा क्रम तिनं एकटीनं लावला असता.

आम्हा पाच जणांसाठी क्लबच्या छोट्या हॉलमध्ये रोज सकाळी दहाला एक सिनेमा दाखवायचं ठरलं. तोन्का सर्वांत मागे कडेला बसायची, मी पुढे. “सुप्रभात, नेवेन्काबाई.” “सुप्रभात, तोन्काबाई.” चाळीस वर्षांच्या ओळखीत आम्ही एकमेकींना ‘तुम्ही’च म्हणत आलो होतो. तीन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी ‘कोळ्याचा जावई’ होता. तो आमच्याच बंदरावर केलेला. लोव्रे रोज दुपारी घरी जेवायला यायचा, अंगाला मासळीचा वास घेऊन. मी पोटभर हसले.

चौथ्या दिवशी आजारी पडावं असं वाटत होतं. पण पडले नाही.

सिनेमा सुरू झाला. उघडंबोडकं बेट, वारा, मिठागरं. एक मीठवाला दूरच्या मिठागरावर कामाला निघालाय. बायको नको म्हणतेय, पोरगं आजारी आहे. त्यानं बोचकं बांधून ठेवलंय. तो बाहेर जातो तेवढ्यात ती बोचकं सोडते, त्याचे सगळे कपडे लाकडी टपात टाकते, खुंटीवरचा कोटसुद्धा, आणि वरून पाणी ओतते. बादलीमागून बादली. तो परत येतो, बघत राहतो. ती हात पुसत म्हणते, “वाळले की जा.”

मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

ते मी म्हटलं होतं. याच शब्दांत, आमच्या स्वयंपाकघरात. आमच्या मुलीला, अंकाला, डांग्या खोकला झाला होता, दोन वर्षांची होती, खोकता खोकता निळी पडायची. लोव्रे म्हणाला, सगळे थांबलेत, जावं लागेल. सगळे म्हणजे कोण ते मला माहीत होतं. मी त्याची बॅग टपात उलटी केली आणि म्हटलं, वाळले की जा. त्यानं एक पँट पिळली, एक सदरा पिळला, तेच अंगात घातले आणि बोचऱ्या उत्तरी वाऱ्यात बस पकडायला गेला. वळूनही बघितलं नाही.

सिनेमातला नवरा गेला नाही. दोरीवर कपडे वाऱ्यानं गोठून लाकडासारखे कडक झाले आणि तो उंबऱ्यावर बसून राहिला. नुसता बसून. कॅमेरा हललाच नाही. आतून पोराचं खोकणं ऐकू येत होतं. मागं बारिशिच मास्तरांनी नाक शिंकरलं.

दिवे लागले तेव्हा मी कोणाशी न बोलता घरी आले. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता. माझ्या घरातलं भांडण त्यानं उचलून तिच्यापुढं नेऊन ठेवलं. दोघांनी कागद मध्ये ठेवून त्यावर चर्चा केली असेल, ही बाई असं म्हणाली, मग तू काय म्हणालास. पोहताना पाहिलेलं परवडलं असतं. उरलेले तीन सिनेमे मी पाहिले, पण डोळ्यांसमोर टपच होता. शेवटच्या दिवशी घरी येऊन यादी लिहिली. ‘कोळ्याचा जावई’ पहिला. ‘मीठवाल्यांचा हिवाळा’ सातवा. पेनानं, दाबून.

सोमवारी अकरा वाजता आम्ही पाचही जण क्लबच्या टेबलाभोवती बसलो. क्रेशोनं याद्या एकेक करून वाचल्या. त्याच्या, मास्तरांच्या आणि छायाचित्रणवाल्या बाईंच्या यादीत ‘मीठवाल्यांचा हिवाळा’ पहिला. मग त्यानं माझी यादी वाचली आणि चष्मा काढला.

“मावशी, क्रम उलटा तर नाही ना लावलात? सात म्हणजे शेवटचा.”

“मला सातपर्यंत मोजता येतं.”

त्यानं शेवटचा कागद उघडला आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “तोन्कामावशी, तुमच्याही यादीत…”

“मलाही येतं,” तोन्का म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. ती सिगारेटच्या पाकिटाचा कागद सोलत होती.

गुणांची बेरीज झाली तेव्हा ‘कोळ्याचा जावई’ पहिला आला आणि ‘मीठवाल्यांचा हिवाळा’ तिसरा. बारिशिच मास्तर म्हणाले, “छान. ज्याच्यासाठी लोक परदेशातून पत्रं पाठवतात तो शिबेनिकमध्ये तिसरा, आणि जावयाच्या पँटीत खेकडा शिरतो तो पहिला. आता तोंड दाखवायला जागा उरली नाही.” क्रेशोनं त्यांना कोपरानं ढोसलं. “चला, आपण खाली कॉफी घेऊन येऊ. मावश्यांना विचार करायला जरा वेळ देऊ.”

आम्ही दोघीच उरलो. खालून मासळीबाजार धुतल्याचा आवाज येत होता.

“तुम्ही का?” मी विचारलं.

“आधी तुम्ही सांगा.”

“माझं कारण तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच लिहिलंय ते.”

“हो,” ती म्हणाली. सिगारेट पेटवली नाही, नुसती बोटात धरली. “तो पागला आला तेव्हा दात वाजत होते. पँट अंगावरच कडक झाली होती. दहा दिवस तापात पडला होता.”

“मला नाही सांगितलं त्यानं.”

“कोणत्या तोंडानं सांगणार होता?”

“मग सेवा कोणी केली?”

“मीच होते तिथं. मोहरीचा लेप लावला, सूप पाजलं.”

“कशाचं सूप?”

“मटणाचं. पागला दुसरं काय मिळतं?”

“त्याला मटणाचं सूप आवडत नाही.”

“दहा दिवस प्यायला,” ती म्हणाली.

पस्तीस वर्षं मी नको नको ते मनात आणलं होतं, पण सूप कधी आणलं नव्हतं. तिनं चमचा धरलेला, त्यानं तोंड उघडलेलं. इकडं मी अंकाला उभं धरून पाठ थोपटत रात्री काढत होते आणि तो तिच्या हातचं पीत होता.

“आणि मग?” मी म्हटलं.

“मग काय?”

“मग काय ते तुला कळतंय.” ‘तू’ तोंडातून गेला तो गेला.

तिनं तो ऐकला. रागावली नाही. “विचारलं होतं मी. एकदाच, तो उठून बसायला लागल्यावर. म्हटलं, परत जाऊ नकोस.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. खिडकीतून मिठागरं बघत बसला. नाही म्हणाला असता तरी चाललं असतं मला.” तिनं सिगारेट टेबलावर ठेवली. “टपाची गोष्ट त्यानंच सांगितली, हसत हसत. मी बसल्या बैठकीत लिहून काढली, घडली तशीच. नवरा ओले कपडे घालतो आणि जातो. पंधरा दिवसांनी तो प्रसंग घेत होतो. नट कपडे पिळायला उठला, तर लोव्रे म्हणाला, बस. बसून राहा. मी कागद घेऊन बाजूला उभी. म्हटलं, लोव्रे, असं लिहिलेलं नाही. तो म्हणाला, मला माहीत आहे. कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही.”

“मग?”

“मग काय. मला उत्तर मिळालं. पंचवीस माणसांसमोर.” आता तिचा आवाज कोरडा झाला. “लोक मला विचारतात, तोन्काबाई, हा प्रसंग सुचला कसा? मी काहीबाही सांगते. एक वाक्य तुझं आणि पुढचं सगळं त्याचं. मी नुसती टाइप करणारी. आणि त्याच प्रसंगासाठी माझं नाव घेतात. सातवाच लावणार मी तो. आठवा असता तर आठवा लावला असता.”

खरं तर माझ्या मनातला काटा निघायला हवा होता. तो माझ्यासाठी उंबऱ्यावर बसला होता, हे तिनंच तिच्या तोंडानं सांगितलं. पण माझ्या मनात आलं ते वेगळंच. त्यानं ते मला सांगितलं नाही. मार्चमध्ये घरी आला, टोपी काढली, अंकाला उचललं आणि विचारलं, जेवायला काय आहे. मी चवळीची उसळ वाढली आणि महिनाभर बोलले नाही. जे तिला त्या दिवशी समोर उभं राहून बघायला मिळालं ते मला पस्तीस वर्षांनी, विधवा झाल्यावर, चार परक्या माणसांबरोबर बघायला मिळालं. आणि ते दहा दिवस तर तिच्याकडंच राहिले.

“तू मला सांगू शकली असतीस,” मी म्हटलं.

“तू मला घरात घेतलं असतंस?”

नसतं घेतलं. दोघींनाही ते माहीत होतं.

क्रेशो कॉफीचे पेले घेऊन वर आला. दारातच थबकून म्हणाला, “काही फेरविचार?”

“नाही,” आम्ही म्हणालो.

झाग्रेबच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं की शिबेनिककरांना स्वतःच्या माणसांची किंमत नाही. अंकाचा फोन आला. “आई, हे काय ऐकतेय मी? बाबांचा तो सिनेमा तू शेवटी टाकलास?”

“आवाज नीट नाही त्यात.”

“आवाज?”

“पोराचं खोकणं खोटं वाटतं. तू असं नव्हतीस खोकत.”

ती म्हणाली, “बघितलास तर शेवटी.”

तोन्का आणि मी काही मैत्रिणी झालो नाही. भाजीबाजारात भेटली की ती मान हलवते, मीही हलवते, आणि आम्ही पुन्हा ‘तुम्ही’वर आलो आहोत. एकदा ती माझ्यापुढं रांगेत होती आणि मटणाची हाडं घेत होती. मी रांग सोडून मासळीकडं गेले.

‘मीठवाल्यांचा हिवाळा’ गुरुवारी संध्याकाळी पाचला लावला, मधल्याच दिवशी. तरी थिएटर भरलं. मी एकटीच गेले, मधल्या रांगेत बसले. टपाचा प्रसंग आला तशी माझ्या शेजारची मुलगी, विशीची असेल, रडायला लागली. रुमाल नव्हता तिच्याकडं, माझा दिला. मला वाटलं तिला सांगावं, बाई, तो टप माझ्या तळघरात आहे, ते वाक्य माझं आहे. ओठांवर आलं होतं. पण मग तिनं विचारलं असतं, तुमचे मिस्टरही असेच थांबले होते का? म्हणून मी काही बोलले नाही.