बोलत वर येणारा नरसिम्लू

साल एकोणीसशे बहात्तर. युसूफ वडगावच्या अलीकडच्या एका वस्तीवर त्या साली ज्वारीचं एक ताटही उगवलं नाही. गडीमाणसं खडी फोडायच्या कामावर गेलेली. अशात सर्जेराव चेअरमननी घरोघर फिरून पाणी सोसायटी काढली आणि माळाखाली सामुदायिक विहीर धरली. खाली काळा खडक लागला, तसे विहिरी खोदणारे आंध्रातल्या पालमूरकडचे लोक आणले. नरसिम्लू, त्याची बायको लच्चम्मा आणि त्याचे दोन भाऊ. सगळे तेलुगू बोलणारे.

विहिरीतला दगड ओढायची हातानं फिरवायची यारी होती. तिचं एक हँडल लच्चम्माकडं आणि समोरचं वस्तीतल्या केसरबाईकडं. केसरबाईचं लग्न होऊन दुसरं वर्ष चालू होतं. पहिल्या दिवशी तिनं काठावरून खाली पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. पुन्हा काही तिनं डोकावलं नाही.

"तू आला का, अक्का?" नरसिम्लू रोज सकाळी विचारी.

"आला न्हाई, आले. मी बाई हाय, दादा."

"बरं. मी पण आले."

"ह्यो तर सोताच बाई झाला," असं म्हणत दगड वाहणारी सुंदरबाई पदर तोंडाला लावून हसायची. लच्चम्मालाही हसू यायचं. नवऱ्याची मराठी किती तोकडी आहे, ते तिला ठाऊक होतं.

सुरुंगाच्या दिवशी मात्र कुणी हसत नसे. नरसिम्लू एकटा तळाशी जाई, वाती पेटवी आणि लोखंडी बादलीत उभा राही. दोघी बायका त्याला वर ओढत. यारीच्या दातेरी चाकांमुळे बादलीत माणूस आहे की रिकामं लोखंड, ते हाताला कळत नसे, आणि हँडलपासून विहिरीचा तळ दिसत नसे. म्हणून त्या लोकांची एक रीत होती. वात पेटल्यापासून काठावर येईपर्यंत माणसानं बोलत राहायचं. काहीही बोलायचं. आवाज थांबला तर तो धुरानं भोवंडून पडला, असं समजायचं आणि बादली पुन्हा खाली सोडायची. नरसिम्लूचा चुलता असाच पडला होता, आणि वरच्यांनी रिकामी बादली ओढून घेतली होती. नरसिम्लू श्वास घ्यायला जरा थांबला, की लच्चम्मा ओरडायची, "माट्लाडू!" म्हणजे बोल.

पौषातल्या एका दुपारी भोकांत दारू भरून झाली आणि तेवढ्यात लच्चम्माची बोटं चाकात सापडली. दोघे दीर तिला बैलगाडीत घालून केजच्या दवाखान्यात घेऊन गेले. भरलेली भोकं तशीच ठेवता येत नव्हती. सर्जेराव लांब लिंबाखाली धोतराचा सोगा हातात धरून उभे होते. तिथूनच म्हणाले, "केसर, तुला सवय हाय. सुंदरबाईला घे जोडीला."

केसरबाई हँडलपासून मागं सरली. "मला न्हाई जमायचं, मामा. माणसाचा जीव हाय."

तिचा चेहरा पाहून नरसिम्लूच पुढं आला. "भिऊ नक्को, अक्का. आज मी मराठीत बोलते. तुमाला कळते मग."

तो उतरला. लच्चम्माचं रक्त हँडलवर अजून ओलं होतं. केसरबाईनं ते पदरानं पुसलं आणि तोच पदर कमरेला खोचला. खालून हाक आली, "ओढा!"

दोघी फिरवायला लागल्या. खालून आवाज यायला लागला. "केसरक्का, मी येते. भाकर चांगला होता. दगड काळा हाय. लई काळा हाय. पाणी येते. पाणी... पाणी..."

आणि आवाज थांबला.

सुंदरबाई ओरडली, "पडला त्यो. सोड खाली, सोड."

हँडल उलटं फिरलं. एक वेढा, दोन वेढे. केसरबाईच्या मनात आलं, पडला असेल आणि आपण ओढत राहिलो, तर तो खाली जळत्या वातींपाशी राहील. उभा असेल, तर आपणच त्याला वातींवर सोडतोय. लच्चम्मा रात्री दवाखान्यातून येईल, तेव्हा तिला काय सांगायचं? केसरबाईनं दोन्ही पाय रोवले, हँडल छातीशी आवळून धरलं आणि जीव खाऊन ओरडली, "माट्लाडू!"

खालून तेलुगूचा लोंढाच आला. एकही शब्द कळला नाही, पण शिव्या आहेत एवढं कळलं. दोघी कण्हत, दात खात ओढत राहिल्या आणि आवाज एकदाही तुटला नाही. त्याचं डोकं दिसलं तसा केसरबाईनं त्याचा दंड धरून ओढला. तिघं दगडांच्या ढिगाऱ्याआड पोचतात न पोचतात, तोच जमीन हादरली.

 धूळ खाली बसल्यावर केसरबाईनं विचारलं, "कावून गप बसलाव, दादा?"

त्यानं तोंडावरची धूळ पुसली. "मराठी संपला, अक्का. शब्द धुंडत होते."

"तुझी मराठी संपली अन् इथं आमी संपलो होतो," म्हणत सुंदरबाई रडायला लागली.

त्यानंतर वर येताना तो कधी मराठी बोलला नाही. पाणी लागेपर्यंत केसरबाई हँडलवर होती, आणि प्रत्येक सुरुंगाला तिला तशीच भीती वाटली.

लच्चम्माची दोन बोटं गेली. तिच्या जागी धाकटी जाऊ गावाहून आली. सुंदरबाई पुढं ऊसतोडीला पश्चिमेकडं जाऊ लागली आणि तिकडंच एका फडात तापानं गेली. सोसायटी दोन निवडणुकांत फुटली. सर्जेरावांनी पिठाची गिरणी टाकली आणि म्हातारपणी विहिरीचं नाव काढलं की ते विषय बदलत. पालमूरचे लोक माजलगावच्या धरणावर गेले, असं कुणी म्हणायचं. धरण झालं, पण ते काही पुन्हा दिसले नाहीत. केसरबाई आता लेकाजवळ तेलगावला असते. नरसिम्लू आहे की गेला, तिला ठाऊक नाही. त्याच्या गावाचं नाव तिनं कधी विचारलंच नव्हतं.